इंग्रजीच्या चावडीवर मराठी

निरनिराळ्या देशांतील माणसे महाजालावर ज्या ठिकाणी एकत्र येऊन लिहितात, तेथील सामायिक भाषा बहुधा इंग्रजी असते. अशा मंडळीत एखाद्याने मध्येच आपल्या मातृभाषेत चार ओळी लिहिल्या, तर तो शिष्टाचाराचा भंग मानावा की स्वाभाविक उद्गार, हा प्रश्न महाजालाइतकाच जुना आहे. मराठी भाषकांना या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंचा अनुभव आहे. इंग्रजी मंडळीत मराठीतून बोलल्याबद्दल त्यांना हटकले गेले आहे, आणि मराठी मंडळीत इंग्रजी झाडणाऱ्यांना त्यांनीही हटकले आहे.

वादात मात्र दोन वेगळ्या गोष्टी नेहमी एकत्र कालवल्या जातात. एक आहे संभाषण, दुसरी आहे नोंद. संभाषणात सर्वांना कळेल अशी भाषा वापरण्याचा आग्रह रास्त ठरतो. नोंदीत, विशेषतः गावांच्या, माणसांच्या आणि रूढ वस्तूंच्या नावांत, तोच आग्रह धरला की माहितीच गळून पडते. खालापूर तालुक्यातील लोधिवलीसारख्या एखाद्या लहान गावाचे नाव इंग्रजीत कसे उतरते हे पाहिले, तरी हा फरक ध्यानात येतो. त्याकडे वळण्यापूर्वी थोडा मागचा इतिहास पाहणे उपयुक्त ठरेल.

शेजारचे स्तंभ आणि वेगळी घरे

परभाषेचे वर्चस्व असलेल्या सार्वजनिक व्यवहारात आपली भाषा कशी चालवावी, याची उत्तरे मराठी वृत्तपत्रसृष्टीने एकोणिसाव्या शतकातच शोधली होती. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत सुरू केलेल्या ‘दर्पण’मध्ये मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारी-शेजारी स्तंभांत छापला जाई. एतद्देशीयांचे म्हणणे साहेबाला कळावे आणि इंग्रजी विद्येची ओळख एतद्देशीयांना व्हावी, असा दुहेरी हेतू त्यामागे होता. १८६२ मध्ये निघालेल्या ‘इंदुप्रकाश’नेही दोन्ही भाषा एकाच पत्रात नांदवल्या, त्याची इंग्रजी बाजू महादेव गोविंद रानडे सांभाळत.

पुढे १८८१ च्या जानेवारीत पुण्यातून ‘केसरी’ मराठीत आणि ‘मराठा’ इंग्रजीत निघाले, तेव्हा दुसरी पद्धत रूढ झाली. मंडळी एकच, परंतु पत्रे दोन. ज्याला जे सांगायचे ते त्याच्या भाषेत, त्याच्या घरी जाऊन. एका स्तंभातून दुसऱ्या स्तंभात डोकावण्याची सोय यात उरली नाही, पण अनुवादाचे ओझेही उतरले.

तिसरा मार्ग राज्यघटनेत दिसतो. संसदेचे कामकाज हिंदीतून किंवा इंग्रजीतून चालावे असे सांगणाऱ्या अनुच्छेद १२० नेच, ज्या सदस्याला या दोन्ही भाषांत आपले म्हणणे पुरेसे मांडता येत नाही त्याला मातृभाषेत बोलू देण्याचा अधिकार पीठासीन अधिकाऱ्याला दिला आहे. नियम एका बाजूला, त्याला परवानगीचा अपवाद दुसऱ्या बाजूला. महाजालावरील मंडळींनी नकळत हेच तीन मार्ग पुन्हा चोखाळले.

सात बिटांची अडचण

प्रारंभीच्या काळात मात्र भाषेच्या आधी लिपीचाच प्रश्न होता. संगणकांतील देवाणघेवाणीसाठी अमेरिकेत १९६३ साली ठरलेल्या ‘अ‍ॅस्की’ या सात बिटांच्या संकेतप्रणालीत १२८ जागा होत्या आणि त्यांपैकी छापता येण्याजोगी चिन्हे अवघी ९५. त्यांत रोमन लिपी मावली, देवनागरीला जागा नव्हती. नव्वदच्या दशकात यूजनेटवर मराठी भाषकांचा एक स्वतंत्र गट होता. तेथे वाद मराठी माणसांचे आणि विषय बहुधा मराठी, पण अक्षरे रोमन. इंग्रजी आणि मराठी वाक्ये एकाच परिच्छेदात सरमिसळ होऊन येत.

रोमनमधून मराठी नेमकी लिहिता यावी म्हणून ‘आयट्रान्स’सारख्या पद्धती पुढे आल्या. अविनाश चोपडे यांनी तयार केलेल्या या पद्धतीत लहान ‘टी’ म्हणजे त, मोठा ‘टी’ म्हणजे ट. मोठा ‘एन’ म्हणजे ण, मोठा ‘एल’ म्हणजे ळ. व्यवस्था शास्त्रशुद्ध होती, परंतु इंग्रजी वाचकाला शब्दाच्या मधोमध उभी राहिलेली ही मोठी अक्षरे विचित्र वाटत. महाजालाच्या शिष्टाचारात सलग मोठी अक्षरे म्हणजे आरडाओरड, असा संकेत होता. मराठी माणसाचा साधा ‘ळ’ही त्यामुळे किंचित मोठ्याने बोलल्यासारखा दिसे.

बहुसंख्य लोकांनी ही शिस्त पाळलीच नाही. ‘एम-ए-एल-ए’ ही चार अक्षरे मला, मळा, माला आणि माळा अशा चारही शब्दांसाठी सर्रास वापरली गेली. डोंगरातल्या दऱ्या आणि समोरचा दर्या ही कोकणपट्टीची दोन्ही वैशिष्ट्ये रोमनमध्ये एकच होऊन बसली. संदर्भाने अर्थ लागतो हे खरे; पण संदर्भ लावण्यासाठी वाचक आधी मराठी असावा लागतो. परक्याला शब्दकोशात पाहायचे म्हटले, तरी कोणता शब्द पाहावा हे कळण्यास मार्ग नाही.

भ्रमणध्वनीने या सवयीला आर्थिक कारणही पुरवले. लघुसंदेशात रोमन लिपीतील १६० चिन्हे मावत, देवनागरीतील ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी यांची गणना स्वतंत्र चिन्हे म्हणून होई. तोच मजकूर मराठीत लिहिल्यास दोन-तीन संदेशांचे पैसे पडत. महाजालावर रूढ झालेल्या यूटीएफ-८ या पद्धतीतही रोमन अक्षराला एक बाइट, तर देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात. आज याचे कोणाला काही वाटत नाही. मंद जोडणीच्या आणि मोजून मापून खर्च करण्याच्या काळात एका पिढीची लिहिण्याची सवय मात्र या हिशेबाने घडली.

युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती. तरीही दोन हजारच्या दशकाच्या पूर्वार्धात बहुतेक मराठी दैनिकांच्या संकेतस्थळांवर ज्याचा-त्याचा स्वतंत्र फाँट उतरवून घ्यावा लागे. एकीकडचा मजकूर दुसरीकडे चिकटवला की खिळे विस्कटल्यासारखी अर्थहीन चिन्हांची रांगोळी उमटे. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये यायला २००८ साल उजाडावे लागले. अशा स्थितीत इंग्रजी मंडळीत देवनागरीत लिहिणे म्हणजे निम्म्या वाचकांपुढे चौकोनांची ओळ ठेवणे होते, आणि त्यात मराठी वाचकही सुटत नसत.

मराठी मंडळींनी याला दिलेले मुख्य उत्तर ‘केसरी-मराठा’ पद्धतीचे होते. १९९६ मध्ये परदेशस्थ मराठी भाषकांनी ‘मायबोली’ उभी केली. २००४ मध्ये ‘मनोगत’ आले आणि मराठीतून, देवनागरीतून, शुद्धलेखनाची चाड बाळगून लिहिण्याची सवय तेथे अनेकांना लागली. नोकरी-व्यवसायाचे, संगणकशास्त्राचे, क्रिकेटचे बोलणे इंग्रजी मंडळीत आणि घरचे बोलणे आपल्या घरी, अशी वाटणी पडत गेली. ‘ऑर्कुट’वर, ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद पडेपर्यंत, ही वाटणी तितकीशी पाळली गेली नाही. तेथे इंग्रजी चर्चेत एक मराठी वाक्य टाकून आपला माणूस ओळखण्याची जुनी, रेल्वेच्या डब्यातली रीतच चालू राहिली.

हटकण्यामागची कारणे

इंग्रजी मंडळीत परभाषेला आडकाठी का घातली जाते, याचा विचार करताना तिरस्कार हे कारण प्रथम सुचते. ते कधी असतेही. पण बहुतेक ठिकाणची कारणे व्यवहारी आहेत. जेथे दहा जण बसले आहेत तेथे दोघांनी तिसऱ्याला न कळणाऱ्या भाषेत बोलले, तर ते कुजबुजीसारखे वाटते. लिहिलेल्या मजकुराची जबाबदारी ज्यांच्यावर असते त्यांना शिवीगाळ, बदनामी किंवा जाहिरात कळत नसेल, तर ती काढता येत नाही. शिवाय अशी चर्चा पुढे शोधून वाचणाऱ्यांसाठी उरते. त्यांना मधले दुवे तुटलेले मिळतात.

या बाबतीतील सर्वांत स्पष्ट लिखित नियम इंग्रजी विकिपीडियाचे आहेत. १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झालेल्या आणि २०२० मध्ये ६० लाख लेखांचा टप्पा ओलांडलेल्या या ज्ञानकोशात चर्चापानांवर, समोरचा कोणीही असो, इंग्रजीतच लिहावे अशी अपेक्षा असते. परभाषा टाळता येत नसेल तर सोबत अनुवाद द्यावा. घटनेच्या अनुच्छेदाशी असलेले साम्य उघड आहे, फक्त येथे परवानगी देणारा पीठासीन अधिकारी नाही. अनुवादाची अट हीच परवानगी. हा नियम न्याय्य मानावा लागेल. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्र दिनी, सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाच्या सार्वजनिक चर्चेच्या पानाला ‘चावडी’ असे नाव आहे आणि तेथे बाहेरून आलेल्या इंग्रजी सूचनांबद्दल हीच अपेक्षा उलट्या दिशेने बाळगली, तर तीही न्याय्यच.

त्याच प्रकल्पातील दुसरा नियम मात्र अधिक वादग्रस्त आहे. भारताविषयीच्या लेखांत प्रारंभी भारतीय लिपींतील नावे देऊ नयेत, असे इंग्रजी विकिपीडियाच्या संपादकांनी २०१२ मध्ये चर्चेअंती ठरवले. भाषा, लिपी, मूळ भारतीय भाषेतील ग्रंथ अशा काही विषयांना त्यातून सवलत आहे. इतरत्र उच्चार दाखवायचा असेल तर आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी वापरावी, अशी शिफारस आहे.

निर्णयामागची अडचण खोटी नव्हती. अखिल भारतीय विषयावरील लेखात किती लिपी द्यायच्या? एक आली की दुसरी येते, मग क्रम कोणाचा आधी यावर संपादनांची रस्सीखेच सुरू होते. इंग्रजी संपादकाला देवनागरी, कानडी वा तमिळ वाचता येत नसल्याने कोणी नावाच्या जागी अपशब्द लिहून गेला तरी तो तसाच राहतो. सीमाभागातील वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. कर्नाटक सरकारने १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे अधिकृत नाव बेळगावी केले. त्या शहराच्या नोंदीत आधी कानडी की आधी मराठी, हा प्रश्न ज्याच्या हाती सोपवावा तो संपादक शहाणा असला तरी सुटणार नाही. गंमत अशी की वादातील दोन्ही नावांत ळ आहे, दोन्ही भाषांना तो प्रिय आहे, आणि इंग्रजीत नाव उतरताच दोघांचाही ळ सारख्याच सहजतेने नाहीसा होतो.

सोळा लोधिवली

लोधिवली हे जुन्या मुंबई-पुणे महामार्गालगतचे, चौक आणि रसायनीच्या परिसरातील गाव. महामार्गाने जाणाऱ्यांना ते तेथील रुग्णालयामुळे ठाऊक असते. इंग्रजीत त्याचे नाव ‘एल-ओ-डी-एच-आय-व्ही-ए-एल-आय’ असे लिहितात. मधला ‘ए’ गाळलेले रूपही आढळते. ज्याने हे नाव कधी ऐकलेले नाही त्याने या रोमन अक्षरांवरून ते परत देवनागरीत लिहायचे ठरवले, तर ‘डी-एच’ म्हणजे ध किंवा ढ, पहिला ‘आय’ ऱ्हस्व किंवा दीर्घ, ‘ए’ म्हणजे अ किंवा आ, आणि दुसरा ‘एल’ म्हणजे ल किंवा ळ. शेवटची वेलांटी मराठीच्या नियमाने दीर्घच. चार ठिकाणी दोन-दोन पर्याय, म्हणजे सोळा वाचने. लोधिवलीपासून लोढीवाळीपर्यंतची ही सोळा गावे कागदावर सारखीच शक्य आहेत; प्रत्यक्षात गाव एक आहे. मधला ‘ए’ गाळला की कोडे आणखी वाढते.

इंग्रजी अमदानीतील अधिकाऱ्यांना ही अडचण ठाऊक होती. १८८० च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांत दीर्घ स्वरांवर तिरकी खूण दिलेली असे, त्यामुळे खालापूरमधील दोन्ही काने वाचकाला दिसत. आजच्या संगणकाला अशा खुणा देणे त्या वेळच्या छापखान्याहून कितीतरी सोपे आहे, परंतु बहुतेक पाट्यांवरून, नकाशांवरून आणि नोंदींतून त्या गेल्या आहेत.

ही केवळ शुद्धलेखनाची हौस नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री याच खालापूर तालुक्यात, चौकनजीकच्या डोंगरउतारावरील इर्शाळवाडी या ठाकूर समाजाच्या वस्तीवर दरड कोसळली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि शोध थांबवावा लागला. त्या दिवसांत इंग्रजी बातम्यांमध्ये वाडीचे नाव एकाहून अधिक प्रकारे लिहिले गेले: कोठे ‘एस-एच’ने, कोठे नुसत्या ‘एस’ने. हिंदीत ती ‘इरशालवाडी’ झाली. मराठीतही इर्शाळवाडी आणि इरशाळवाडी अशी दोन रूपे आहेत, पण ळ दोहोंत कायम आहे. वर उभ्या असलेल्या इर्शाळगडाशी वाडीचे नाते त्यामुळे वाचणाऱ्याला लगेच कळते. पुढे कोणी अभ्यासक एकाच इंग्रजी रूपाने शोध घेईल, तर त्याच्या हाती त्या रात्रीविषयी लिहिल्या गेलेल्यातील एक हिस्साच लागेल.

दुसरे उदाहरण जमिनीचे. रायगडच्या डोंगराळ भागात कातकरी व ठाकूर कुटुंबे नाचणी-वरीसाठी कसत आलेल्या वनजमिनींना ‘दळी’ म्हणतात. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दाव्यांमुळे हा शब्द कागदोपत्री पुन्हा महत्त्वाचा झाला. जुन्या इंग्रजी दप्तरात ळसाठी ‘एल-एच’ वापरून तो लिहिलेला सापडतो. अलीकडच्या इंग्रजी लेखनात ‘एच’ गळून ‘डी-ए-एल-आय’ एवढाच उरतो. शोधयंत्रात ही चार अक्षरे घातली की पुढे उभा राहतो तो स्पॅनिश चित्रकार साल्व्हादोर दाली. एखाद्या इंग्रजी चर्चेत ‘दळी’ हा शब्द देवनागरीत एकदा लिहून पुढे त्याचा अर्थ इंग्रजीत दिला, तर वाचकाला दोन शब्दांचा त्रास होतो, पण शंभर वर्षांपूर्वीचा आणि आजचा कागद एकमेकांना सापडण्याची शक्यता वाढते. येथे परभाषा शिष्टाचाराच्या आड येत नाही. ती पत्त्याचे काम करते.

लिपीबंदीच्या समर्थकांचे उत्तर असे की, ध्वनिलिपी आहेच. तत्त्वतः ते बरोबर आहे. ध्वनिलिपीत ध आणि ढ, ल आणि ळ यांना वेगळी चिन्हे आहेत. परंतु ती वाचणारे भाषाशास्त्राचे विद्यार्थी. लोधिवलीचा रहिवासी, तालुक्याचा वार्ताहर किंवा वनहक्काचा दावा लिहिणारा कार्यकर्ता ती वाचत नाही, आणि शोधयंत्रात तर कोणीच ती टंकत नाही.

मधले दरवाजे

त्याच विकिमीडिया कुटुंबात वेगळी रीतही आहे. छायाचित्रे व इतर सामग्री साठवणाऱ्या ‘कॉमन्स’वर वर्णन कोणत्याही भाषेत लिहिता येते, फाइलचे नावही देवनागरीत ठेवता येते. ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झालेल्या ‘विकिडेटा’ने आणखी एक पाऊल टाकले. तेथे प्रत्येक गावाला, व्यक्तीला वा वस्तूला एक क्रमांक असतो आणि त्या क्रमांकासमोर ज्या-त्या भाषेतील नाव वेगळ्या रकान्यात नोंदवतात. कोणाचे आधी, कोणाचे नंतर हा तंटाच उरत नाही. ‘दर्पण’चे शेजारचे स्तंभ येथे शेकडो झाले आहेत. मात्र मराठीचा रकाना कोणीतरी मराठी जाणणाऱ्यानेच भरावा लागतो. रोमन नावावरून यंत्राने लिप्यंतर करून घेतले, तर सोळांतील कोणते वाचन हाती येईल याची शाश्वती नसते आणि एकदा भरलेले चुकीचे नाव पुढे इतर संकेतस्थळे उचलत जातात.

यांत्रिक अनुवादामुळे संभाषणातील अडचण बरीच सौम्य झाली आहे. ‘गुगल’च्या अनुवादसेवेत मे २०१३ मध्ये मराठीचा समावेश झाला आणि तेव्हापासून इंग्रजी मंडळीत लिहिलेले एखादे मराठी वाक्य निदान ढोबळमानाने कोणालाही उलगडता येऊ लागले. तेही देवनागरीत लिहिलेले असेल तर. रोमन मराठीत प्रत्येकाचे वर्णलेखन निराळे असल्याने यंत्र अधिक चकते. ज्या लिपीला वीस वर्षांपूर्वी चौकोनांच्या भीतीने टाळले जाई, तीच आता परक्या वाचकाला अधिक सोयीची ठरावी, हा बदल पुष्कळांच्या ध्यानात आलेला दिसत नाही.

मराठी वाचकांना फारशी माहीत नसलेली एक सोय इंग्रजी विकिपीडियाच्या नियमांतच आहे. लेखाच्या माथ्यावर देवनागरीला मज्जाव असला, तरी संदर्भ म्हणून मराठी पुस्तके, वृत्तपत्रे आणि शासकीय प्रकाशने चालतात. समान दर्जाचा इंग्रजी संदर्भ असल्यास त्याला पसंती दिली जाते, एवढेच. विधानाबद्दल वाद झाला, तर मूळ मजकुरातील वाक्य व त्याचा इंग्रजी अनुवाद तळटीपेत देण्याची मागणी होऊ शकते. म्हणजे मथळ्याजवळ नाकारलेला ळ तळटीपेत सन्मानाने प्रवेश करतो. खालापूर-कर्जत परिसरातील गावांविषयीची बरीचशी माहिती मराठी दैनिकांच्या जिल्हा आवृत्त्यांत आणि मराठीतील स्थानिक इतिहासात आहे. ती इंग्रजी नोंदीत याच वाटेने नेता येते.